भाषेचा अभ्यास अर्धवट का सुटतो?

जुलैमध्ये आंब्याच्या बाजूने पाऊस एकदा लागला, की मलकापुरात आमचा बाह्यरुग्ण विभाग सकाळी रिकामाच असतो. ओढ्यांना पाणी आले की वाड्यावस्त्यांवरची माणसे जिवावर बेतल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. गेल्या वर्षी अशाच एका सकाळी आमच्या एक सिस्टर एक जाडजूड वही कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर, जुन्या रजिस्टरांच्या मागे ठेवत होत्या. ती वही मी ओळखत होतो. रात्रपाळीत काम हलके असले की त्या ती उघडून बसायच्या.

"काय सिस्टर, संपलं जर्मन?"

"संपलं नाही सर, सोडलं," त्या म्हणाल्या. "आपल्यात तेवढी जिद्दच नाही."

या सिस्टर कंत्राटी आहेत. वय एकतीस. घरी सहा वर्षांची मुलगी, नवऱ्याचा टेम्पो. दीड वर्षापूर्वी त्यांनी ऑनलाइन जर्मन वर्गाला नाव घातले. फीसाठी सोनेतारण कर्ज काढले. पहिले दोन टप्पे चांगल्या गुणांनी पार केले आणि तिसऱ्यात अडकल्या. आधी एक तास बुडाला, मग एक आठवडा, मग गेलेला अभ्यास भरून काढायचीच भीती वाटू लागली. कर्जाचा हप्ता मात्र चालू होता.

ही गोष्ट फक्त आमच्या सिस्टरांची नाही. भारत आणि जर्मनी यांच्यात डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतराविषयीचा करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याबाबत करार केला. तेव्हापासून परिचारिका, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी कितीतरी मंडळी जर्मनच्या मागे लागली आहेत. कोणी जपानी शिकते आहे, कोणी फ्रेंच. निवृत्तीनंतर हौसेने स्पॅनिश घेतलेलेही आहेत. नाव घालणारे पुष्कळ असतात. वर्षभराने त्यातले किती उरतात, हे कोणत्याही क्लासमध्ये डोकावले तरी दिसते. आणि सोडणारा प्रत्येक जण एकच कारण सांगतो: आपल्यात जिद्द नाही.

डॉक्टर म्हणून मला या कारणावर विश्वास ठेवणे अवघड जाते. का, ते सांगतो.

गोळ्या सोडणारा रुग्ण

क्षयरोगाचे औषध साधारण सहा महिने रोज घ्यावे लागते. पहिल्या दोन महिन्यांत खोकला थांबतो, ताप जातो, वजन वाढू लागते. रुग्ण खूश असतो. नेमके त्यानंतरच काही जण गोळ्या सोडतात. आता रोज घेऊनही रोज काही नवे बरे वाटत नाही. गोळ्यांचा कंटाळा मात्र रोज येतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी अशा रुग्णांवर चिडायचो. "जगायचं नाही का तुला?" असेही विचारून बसायचो. रुग्ण मान खाली घालायचा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यायचा नाही. पुढे एका ज्येष्ठ आरोग्यसेविकेने मला शहाणे केले. ती रुग्णाच्या घरी जाऊन बसायची, चहा घ्यायची आणि मग विचारायची, "गोळी घ्यायला कुठं अडतंय?" तेव्हा खरे बाहेर यायचे. एकाची औषधासाठी येण्यात रोजंदारी बुडत होती. एकाला गोळ्यांनी मळमळ व्हायची. एकीने सासरी आजारच लपवला होता. जिद्दीचा प्रश्न कोणाचाच नव्हता. प्रत्येकाचे काहीतरी कारण होते आणि बहुतेक कारणांवर उपाय होता.

भाषेच्या अभ्यासातला उत्साह जाणे हे ताप येण्यासारखे लक्षण आहे. ताप आला म्हणून आपण स्वतःला शिव्या देत नाही, कशाने आला ते शोधतो. म्हणून सिस्टरांना मी तोच प्रश्न विचारला: कुठं अडतंय?

उत्तर एका दिवसात मिळाले नाही. पण जे मिळाले ते बहुतेक वाचकांना उपयोगी पडेल असे वाटते.

आधी शरीर

पहिले कारण माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मलाच दिसले नव्हते. सिस्टर म्हणाल्या, "पुस्तक उघडलं की पंधरा मिनिटांत डोकं जड होतं." मी रक्त तपासायला सांगितले. हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. रोज दुसऱ्यांच्या रक्ताचे नमुने घेणाऱ्या बाईने स्वतःचे रक्त दोन वर्षांत तपासले नव्हते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोह कमी असले की दम लागतो हे सर्वांना ठाऊक असते. पण लक्ष लागत नाही, वाचलेले डोक्यात राहत नाही, कशातच मन रमत नाही, हाही त्याचाच भाग असू शकतो. थायरॉइडचे कार्य मंदावले असेल, मधुमेह आटोक्यात नसेल किंवा मनाला नैराश्य आले असेल तरी हेच घडते. साठीच्या पुढे ऐकू कमी येणे हे आणखी एक कारण. परक्या भाषेतला उच्चार आधीच नीट कळत नाही. कान कमजोर असेल तर माणूस दोष स्वतःच्या बुद्धीला देतो.

दुसरी गोष्ट झोप. नवा शब्द आपण शिकतो तेव्हा मेंदूतील हिप्पोकॅम्पस नावाचा भाग तो सांभाळून ठेवतो. पुढे गाढ झोपेत तो हळूहळू कायमच्या साठ्यात मुरतो. झोप तोडून पाठ केलेले म्हणूनच टिकत नाही. रात्रपाळी करून सकाळी वर्गाला बसणाऱ्या सिस्टर सगळ्यात महागडा वेळ सगळ्यात वाया घालवत होत्या. आम्ही वेळ बदलला. रात्रपाळीनंतर आधी झोप, अभ्यास उठल्यावर. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी त्या म्हणाल्या, "सर, वही खाली काढलीय. पण अजून गोडी नाही वाटत."

शरीराचे कारण दूर झाले होते. बाकीची उरली होती.

मसाई पठारावरची चाल

भाषाज्ञानाचे सहा स्तर जगभर मानले जातात: ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. युरोपीय परिषदेने २००१ मध्ये ही मोजपट्टी प्रसिद्ध केली. जर्मनीतील रुग्णालयात नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करायला साधारणपणे बी-२ लागते. तिथपर्यंत पोहोचायला पंचेचाळीस मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात, असा गोएथे इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे. घरचा अभ्यास वेगळा.

यातला पहिला भाग मजेचा असतो. शून्यातून शंभर शब्द आले की माणूस नाव, गाव, वय सांगू लागतो. पाचशे आले की दुकानात बोलता येईल असे वाटते. रोजच्या बोलण्यात तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे सुरुवातीच्या प्रत्येक शब्दाचा मोबदला मोठा असतो. पुढे तो घटत जातो. दोन हजारांनंतर आणखी पाचशे शब्द शिकले तरी स्वतःला फरक जाणवत नाही, कारण ते शब्द क्वचितच भेटतात. मेहनत तेवढीच, दिसणारे फळ मात्र कमी. अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले की मेंदूत डोपामिनचा झरा वाहतो. अपेक्षेइतकेही मिळाले नाही की तो आटतो. सिस्टर बी-१ मध्ये अडकल्या होत्या, आणि बहुतेक लोक तिथेच अडकतात.

पन्हाळा ते पावनखिंड ही मोहीम ज्यांनी केली आहे त्यांना हे पटकन कळेल. गड उतरून चढ चढेपर्यंत अंतर कापल्याचे जाणवते. मग मसाई पठार लागते. पावसात, धुक्यात तासभर चालले तरी समोर तेच गवत आणि तेच आभाळ. आपण पुढे सरकतच नाही असे वाटते. पाय मात्र पुढेच चाललेले असतात.

यावर उपाय म्हणजे मोजणे. क्षयरुग्णाचे आम्ही दर महिन्याला वजन करतो आणि कार्डावर लिहितो. त्याला आरशात दिसत नाही ते कार्डावर दिसते. सिस्टरांना मी सांगितले, महिन्याच्या पहिल्या तारखेला मोबाइलवर तीन मिनिटे जर्मनमध्ये बोला आणि जपून ठेवा. विषय एकच, आजचा वॉर्डातला दिवस. तीन महिन्यांनी पहिले ध्वनिमुद्रण ऐकताना त्यांना हसू आवरले नाही. "किती अडखळत होते सर मी!" पठार सरले होते असे नाही. पण आपण चालतो आहोत याचा पुरावा हातात आला.

इथेच अभ्यासाच्या पद्धतीचाही प्रश्न येतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये दाखवून दिले, की पाठ केलेले सुरुवातीला फार वेगाने विसरले जाते आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. उजळणी एकाच दिवशी दहा वेळा करण्यापेक्षा उद्या, तीन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने अशी विभागून केली तर कमी श्रमात जास्त टिकते. २००६ मध्ये अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होते. पण आठवड्यानंतर, पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेतलेल्यांनी त्यांना मागे टाकले. वाचताना आपल्याला येते असा भास होतो. आठवून पाहताना त्रास होतो, चुकतेही. तो त्रास म्हणजे शिकणे चालू असल्याची खूण आहे.

कॅमेरा बंद

तिसरे कारण सांगायला सिस्टरांना सर्वांत जास्त वेळ लागला. वर्गात बाकीच्या मुली पुण्या-मुंबईच्या. शिकवणे इंग्रजीतून. सिस्टर मराठी माध्यमातून शिकलेल्या. जर्मन वाक्याचा अर्थ आधी इंग्रजीत समजून घ्यायचा, मग मराठीत, मग उत्तर उलट्या वाटेने न्यायचे. तोवर बाई पुढच्या मुलीकडे वळलेल्या असायच्या. एकदा त्या काहीतरी चुकीचे बोलल्या आणि कोणीतरी हसले. त्या दिवसापासून त्यांनी कॅमेरा बंद ठेवला.

परकी भाषा बोलतानाची भीती ही स्वतंत्र गोष्ट आहे, हे १९८६ मध्ये हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. ती मोजण्यासाठी ३३ प्रश्नांची मोजपट्टीही त्यांनी तयार केली. बुद्धिमान, आपल्या कामात तरबेज माणसाला ही भीती जास्तच लागते. एरवी चार लोक ज्याचे ऐकतात त्याला इथे लहान मुलासारखे बोबडे बोलावे लागते. भीती वाटली की मनाचा मोठा भाग स्वतःकडे पाहण्यात गुंततो आणि शब्द शोधायला जागा उरत नाही. मग खरेच चुकते, आणि भीती आणखी वाढते.

मी सिस्टरांना म्हटले, इंग्रजी बाजूला ठेवा, जर्मन थेट मराठीशेजारी ठेवून पाहू. जर्मनची ओळख मला तेव्हा जेमतेम होती. पण जे दिसले त्याने आम्ही दोघेही चकित झालो.

जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत म्हणून इंग्रजीतून शिकणारे घाबरतात. आपल्याकडे तो दगड, ती खुर्ची, ते झाड हे शेंबडे पोरही न चुकता म्हणते. कोणत्या शब्दाचे कोणते लिंग हे पाठच करावे लागते, पण तीन लिंगे असतात ही कल्पना आपल्याला नवी नाही. जर्मन माणूस २१ ला 'आइन-उंड-त्स्वान्त्सिश' म्हणतो, म्हणजे एक आणि वीस. आपणही 'एकवीस' म्हणताना एक आधी आणि वीस नंतरच म्हणतो. 'कॉप्फ' म्हणजे डोके, 'श्मेर्त्सन' म्हणजे दुखणे. 'कॉप्फश्मेर्त्सन' म्हणजे डोकेदुखी. तसेच 'बाउखश्मेर्त्सन' म्हणजे पोटदुखी. आणि शेवटी क्रियापद टाकणारी ती अवघड म्हणून प्रसिद्ध असलेली जोडवाक्ये? 'वाइल इश म्यूडऽ बिन.' वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, म्यूडऽ म्हणजे थकलेली, बिन म्हणजे आहे. कारण मी थकलेली आहे. शब्दाला शब्द ठेवला तरी वाक्य मराठीच राहते.

सिस्टर ते वाक्य कितीतरी वेळ पुटपुटत होत्या. "हे मला वर्गात कुणी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. मराठी माध्यम ही आपली उणीव, असे त्या दीड वर्ष समजत आल्या होत्या. या एका बाबतीत तरी ते भांडवल होते.

समोर माणूस हवा

चौथे कारण माझ्या मते सर्वांत मोठे. त्याकडे मला डॉ. द्वारकानाथ कोटणीस घेऊन गेले. कोल्हापूरकरांना कोटणीस माहीत असतात ते व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' या चित्रपटामुळे. सोलापूरचा हा तरुण मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाला आणि १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनमध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून गेला. त्यांच्या त्यागाबद्दल आपण बोलतो. त्यांच्या चिनी भाषेबद्दल कोणी बोलत नाही.

कोटणीस निघाले तेव्हा अठ्ठावीसचेही नव्हते आणि चिनी भाषा त्यांना येत नव्हती. चिनीला मुळाक्षरेच नाहीत, हजारो चिन्हे आहेत. सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. मराठी माणसाला परकी म्हणावी अशी याहून परकी भाषा शोधावी लागेल. तरीही काही वर्षांत ते चिनी बोलू, वाचू लागले आणि तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. १९४१ मध्ये गुओ चिंगलान या परिचर्या शिकवणाऱ्या सहकारी तरुणीशी त्यांनी लग्न केले. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले.

यात जिद्द होतीच. पण डॉक्टर म्हणून मला आणखी काही दिसते. त्यांच्यासमोर रोज जखमी माणूस होता. 'कुठे दुखते?' हे विचारता आले नाही तर हात चालवता येत नव्हता. शिकलेला शब्द त्याच दिवशी कोणाच्या तरी उपयोगी पडत होता. अशा ठिकाणी प्रेरणा वेगळी शोधावी लागत नाही.

कॅनडातील रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ पासून भाषा शिकणाऱ्यांच्या प्रेरणांचा अभ्यास केला. त्यांनी त्यांचे दोन प्रकार सांगितले. एक व्यवहाराची: नोकरी, पगार, परीक्षा. दुसरी आपलेपणाची: त्या भाषेच्या माणसांत मिसळण्याची ओढ. व्यवहाराची प्रेरणा हलकी मुळीच नाही. सोने गहाण ठेवणाऱ्याला ती हलकी म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. अडचण एवढीच, की पगार दोन वर्षे दूर असतो आणि कंटाळा आज संध्याकाळी येतो. पुढे झोल्तान डॉर्न्येई या हंगेरियन भाषातज्ज्ञाने २००५ मध्ये मांडले, की ती भाषा वापरणारी उद्याची आपली प्रतिमा डोळ्यांसमोर जितकी स्पष्ट, तितकी प्रेरणा तग धरते.

सिस्टरांच्या डोळ्यांसमोर आकडा होता, चित्र नव्हते. मलकापुरात जर्मन बोलणारे कोणी नाही. मग आम्ही एक माणूस तयार केला. संध्याकाळची ओपीडी सुरू होण्याआधी पंधरा मिनिटे मी रिकाम्या खाटेवर बसायचो आणि जर्मन रुग्ण व्हायचो. सिस्टर विचारायच्या, "वो टूट एस वे?" म्हणजे कुठे दुखते? मी पोटावर हात ठेवून "बाउखश्मेर्त्सन" म्हणून कण्हायचो. पहिल्या दिवशी वॉर्डातल्या मावशी खरोखर घाबरून म्हणाल्या, "सर, पोट दुखतंय तर आधी गोळी तरी घ्या की!"

हसता हसता आठवडाभरात सिस्टर प्रश्नावर प्रश्न विचारू लागल्या. कधीपासून दुखते, जेवण काय केले, आधी शस्त्रक्रिया झाली आहे का. ही वाक्ये त्या बारा वर्षे मराठीत विचारत आल्या आहेत. ती जर्मनमध्ये विचारताना त्या बोबड्या विद्यार्थिनी राहिल्या नाहीत, सिस्टरच राहिल्या. प्रत्येकाने आपल्या कामातली, आपल्या स्वयंपाकघरातली, आपल्या दुकानातली वाक्ये आधी शिकावीत असे मी म्हणतो ते यासाठी. ऐकणारा घरातला कोणीही चालतो. त्याला भाषा आलीच पाहिजे असे नाही. त्याने रोज ठरल्या वेळी समोर बसले पाहिजे.

एक दिवस बुडाला तर

या नादात मीही मोबाइलवर जर्मन सुरू केले. ते अ‍ॅप सलग किती दिवस अभ्यास केला हे दाखवते. माझे त्रेचाळीस दिवस झाले. मग एका रात्री घाटात अपघात झाला, पहाटेपर्यंत टाके घालत होतो. दुसऱ्या दिवशी पाहिले तर आकडा शून्य. एवढा राग आला की पुढचे तीन आठवडे मी ते उघडलेच नाही.

एक बिडी ओढली म्हणून पुन्हा पाकीट घेणारे, लग्नात जिलबी खाल्ली म्हणून महिनाभर पथ्य सोडणारे रुग्ण मी रोज पाहतो. एका चुकीने सगळे संपले असे मानणे, हीच मोठी चूक ठरते. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी सवय लावून पाहिली. तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ तर कोणाला २५० हून अधिक. मधला एखादा दिवस बुडाल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हे त्यांनी नोंदवले. ज्याला पाळ्या आहेत, शेती आहे, आजारी सासू आहे, त्याचा दिवस बुडणारच. दुसऱ्या दिवशी परत यायचे कसे, ते आधी ठरवून ठेवावे.

वयाची सबब

"आता या वयात?" हा प्रश्न मला तिशीतलेही विचारतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे पावणेसात लाख लोकांची इंग्रजी व्याकरणाची चाचणी घेतली गेली. व्याकरण सहजपणे आत्मसात करण्याची क्षमता सतरा-अठरा वर्षांपर्यंत टिकते आणि मग घटते, असे त्यात दिसले. म्हणजे मातृभाषकासारखे बोलणे मोठेपणी अवघड आहे. पण रुग्णाशी, शेजाऱ्याशी, नातवाशी बोलण्यापुरते शिकायला वयाचा अडसर नाही. स्वीडनच्या लष्करी दुभाषी प्रशालेत तीन महिने कसून भाषा शिकणाऱ्या तरुणांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस मोठा झाल्याचे २०१२ मध्ये आढळले.

एक सावधगिरीची गोष्ट. 'नवी भाषा शिका, विस्मरण टाळा' असे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यामागे हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील डॉ. सुवर्णा अल्लादी यांचा २०१३ चा अभ्यास असतो. डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांमध्ये, दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे त्यात दिसले. निरक्षरांमध्येही हा फरक दिसला. पण ही माणसे आयुष्यभर दोन भाषांत वावरलेली होती. साठाव्या वर्षी क्लास लावल्याने डिमेन्शिया टळतो, असे सिद्ध झालेले नाही. भाषा आनंदासाठी, माणसांसाठी शिकावी. औषध म्हणून शिकायला गेलात तर सहा महिन्यांत कंटाळाल.

सोडणे आणि सुटणे

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येकाने भाषा पूर्ण शिकलीच पाहिजे असे नाही. औषध बंद करणे आणि औषध सुटणे यांत फरक आहे. डॉक्टरशी बोलून, विचार करून बंद केले तर तो निर्णय. नकळत सुटले आणि मग स्वतःला दोष देत बसलो तर ते नुकसान. तुमचे कारणच बदलले असेल, परदेशी जायचे नसेल, तर वही खुशाल मिटा. पण कारण तसेच असेल आणि उत्साह तेवढा गेला असेल, तर चार गोष्टी तपासा. शरीर आणि झोप ठीक आहे का? प्रगती मोजता येते आहे का? कुठे लाज आडवी येते आहे का? आणि समोर बोलायला माणूस आहे का? यातले एक जरी सापडले तरी वाट सुरू होते.

सिस्टरांनी या वर्षी पुण्याला जाऊन बी-१ ची परीक्षा दिली. त्यात वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण असे चार भाग असतात. प्रत्येकात शंभरपैकी साठ गुण लागतात आणि राहिलेला भाग पुन्हा देता येतो. तीन भाग निघाले. श्रवणात बावन्न मिळाले. इतके दिवस माझे मलकापुरी जर्मन ऐकण्याचा तो परिणाम असावा, असे मी म्हणालो तेव्हा त्या नाही म्हणाल्या नाहीत.

आता त्या भाकरी थापताना मोबाइलवर जर्मन बातम्या लावतात. मुलगी शेजारी बसून त्यातले आकडे ओळखते. जर्मनीला जायचे की नाही, मुलीचे काय करायचे, यावर त्यांच्या घरात अजून एकमत नाही आणि त्यात मी पडत नाही. परवा पाऊस होता. ओपीडी रिकामी होती. वही कपाटावर नव्हती, इंजेक्शनच्या टेबलाच्या खणात होती. सिस्टर म्हणाल्या, "सर, पंधरा मिनिटं आहेत. पेशंट व्हा की."

मी खाटेवर जाऊन बसलो.